दीड मिलिमीटरची कसोटी : रिमोट गाडीसाठी टिकाऊ हेक्स ड्रायव्हर कसा निवडावा?

रिमोटवर चालणारी मोटार आता केवळ वाढदिवसाला मिळणारे खेळणे राहिलेले नाही. ज्या गाड्यांना छंदाच्या जगात ‘आरसी कार’ म्हणतात, त्यांत खरे सस्पेन्शन असते, दातेरी चाके असतात, डिफरन्शियल असते आणि ताशी पन्नास किलोमीटरचा वेग सहज गाठणारी ब्रशलेस मोटारही असते. अशी गाडी धावते, आदळते, उलटते आणि मोडते. मोडणे हा या छंदाचाच भाग आहे. मोडलेला भाग काढून नवा बसवता यावा, अशीच तिची रचना असते. एका मध्यम आकाराच्या गाडीत शंभराहून अधिक स्क्रू सहज असतात आणि बहुतेकांच्या डोक्यात षटकोनी खाच असते.

दुरुस्तीचा सारा डोलारा त्या खाचेवर उभा आहे. खाच शाबूत असेल, तर शाळकरी मुलगाही अर्ध्या तासात मोडलेला हात बदलू शकतो. खाच गोल झाली की तोच भाग कापून काढावा लागतो आणि कधी कधी सुस्थितीतील मोटारसुद्धा अडकलेल्या पिनियनसह अडगळीत जाते. खाच गोल होण्यामागे दोष बहुतेकदा स्क्रूचा नसतो. गाडीच्या खोक्यात मिळालेली मऊ अ‍ॅलन की, अंदाजाने उचललेले चुकीचे माप किंवा वर्षभर वापरून झिजलेले टोक, ही नेहमीची कारणे. म्हणून गाडीसाठी हजारो रुपये मोजणाऱ्याने हत्यारासाठी काय घ्यावे आणि का घ्यावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

षटकोन आला कोठून?

आपल्याकडे गॅरेजपासून सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत सारेच या चावीला ‘अ‍ॅलन की’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतील हार्टफर्ड शहरातील विल्यम अ‍ॅलन यांच्यावरून पडले. षटकोनी खाचेचे स्क्रू तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांना १९१० मध्ये मिळाले. जर्मनीत तोच प्रकार १९३० च्या दशकात ‘इन्बुस’ या नावाने रूढ झाला. तेथे आजही लोक अ‍ॅलन की न म्हणता इन्बुसच म्हणतात.

या खाचेचे वैशिष्ट्य तिच्या उभ्या भिंतींत आहे. अधिक चिन्हाच्या खाचेच्या भिंती तिरक्या असतात. त्यामुळे जोर वाढला की डिस्मिस आपोआप वर उचलला जातो. षटकोनी खाचेत तसे होत नाही. ड्रायव्हर आत बसला की बसला. एका हाताने धरून, अवघड जागीही तो फिरवता येतो. मात्र या सोयीची एक अट आहे : टोक आणि खाच यांचे माप जुळलेच पाहिजे. अट मोडली की षटकोनाचा फायदा संपतो आणि उरतो तो तोटा. गोल झालेल्या षटकोनी खाचेत पकडायला काहीच शिल्लक राहत नाही.

शतांश मिलिमीटरचा खेळ

थोडे गणित येथे उपयोगी पडेल. २ मि.मी. मापाच्या षटकोनात समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंतील अंतर २ मि.मी. असते, तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतील अंतर सुमारे २.३१ मि.मी. भरते. म्हणजे मध्यबिंदूपासून मोजले तर कोपरा हा सपाट बाजूच्या पुढे अवघा ०.१५ मि.मी. असतो. स्क्रू फिरतो तो या एवढ्याशा कोपऱ्याच्या बळावर. १.५ मि.मी.च्या टोकात हाच कोपरा ०.१२ मि.मी.वर येतो. घरातील फर्निचर जुळवण्याच्या ६ मि.मी.च्या चावीत तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर असतो. त्यामुळे फर्निचरची चावी कितीही हलकी असली तरी काम भागते. गाडीच्या बाबतीत तसे भागत नाही.

चावी खाचेत शिरावी यासाठी चावी किंचित लहान आणि खाच किंचित मोठी ठेवावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रमाणांनुसार २ मि.मी.ची चावी १.९६ ते २.०० च्या दरम्यान असावी लागते आणि खाच किमान २.०२ असते. १.९६ चे टोक २.०२ च्या खाचेत एका बाजूला सुमारे ३ अंश मोकळे फिरते व मग पकड घेते. टोक झिजून १.९० वर आले, तर ही मोकळीक ७ अंशांवर जाते. केवळ ०.०६ मि.मी.ची झीज, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीइतकी, आणि मोकळीक दुपटीहून अधिक! मोकळीक वाढली की जोर सपाट बाजूवर न पडता कोपऱ्याच्या निमुळत्या धारेवर पडतो. धार दबते, मोकळीक आणखी वाढते आणि पुढच्या खेपेला टोक गरकन फिरते.

दुसरी गोष्ट पीळ सोसण्याच्या ताकदीची. दांडीची ही ताकद तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ३ मि.मी.चे टोक १.५ मि.मी.च्या टोकापेक्षा जाडीने दुप्पट, पण पीळ सोसण्यात आठपट बळकट असते. म्हणूनच संचातील ३ मि.मी.चा ड्रायव्हर वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि दीड मिलिमीटरचा मात्र काही महिन्यांत पिळवटतो. ज्याला एकाच ड्रायव्हरवर अधिक खर्च करता येईल, त्याने तो १.५ मि.मी.वर करावा. सर्वांत बारीक टोकाची परीक्षाच सर्वांत कठीण असते.

आधी माप ओळखा

आजच्या बहुतेक गाड्यांना चार मापे पुरतात : १.५, २, २.५ आणि ३ मि.मी. कोणते माप कोठे लागते, हे लक्षात ठेवणे कठीण नाही. या गाड्यांत ३ मि.मी. जाडीचा, म्हणजे एम-३ स्क्रू सर्वाधिक वापरला जातो. त्याचे डोके घुमटाकार असेल किंवा पृष्ठभागात बुडणारे, ज्याला कारखान्यात ‘सीएसके’ म्हणतात, तर खाच २ मि.मी.ची असते. डोके उभट दंडगोलाकार असेल तर २.५ मि.मी.ची. उभट डोक्याच्या एम-४ स्क्रूला ३ मि.मी. लागतो. मोटारीच्या दांड्यावर पिनियन घट्ट धरून ठेवणारा, डोके नसलेला एम-३ ग्रब स्क्रू १.५ मि.मी.चा असतो. या एका लहानशा स्क्रूवर मोटारीची सारी शक्ती तोललेली असते आणि हाताळताना सर्वाधिक खराब होतो तोही हाच.

इंची मापाचा गोंधळ हा दुसरा शत्रू. अमेरिकी बनावटीच्या जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ टीम असोसिएटेडच्या १९८४ मधील ‘आरसी-१०’ मध्ये, इंची स्क्रू असत. ५/६४ इंच म्हणजे १.९८ मि.मी. हे माप २ मि.मी.च्या इतके जवळ आहे की एकाच्या जागी दुसरे चालून जाते. पण ३/३२ इंच म्हणजे २.३८ मि.मी. ते २.५ मि.मी.च्या खाचेत सहज शिरते, थोडा जोरही घेते आणि नेमक्या घट्ट स्क्रूवर दगा देते. १/१६ इंच म्हणजे १.५९ मि.मी. ते १.५ च्या खाचेत जाणारच नाही, आणि हातोडीने ठोकून बसवले तर खाचच फाकेल. त्यामुळे ‘शिरले म्हणजे बसले’ असे कधीही मानू नये. दोन्ही पद्धतींचे ड्रायव्हर घरात असतील, तर त्यांच्या मुठींना वेगवेगळ्या रंगांची चिकटपट्टी लावावी.

तिसरी खबरदारी जपानी गाड्यांबाबत. १९७६ मध्ये पोर्श ९३४ च्या प्रतिकृतीने रिमोट गाड्यांत उतरलेल्या तामिया कंपनीच्या अनेक संचांत षटकोनी नव्हे, तर अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू येतात. ही खाच जपानी प्रमाणाची असते आणि आपल्याकडच्या नेहमीच्या फिलिप्स डिस्मिसशी ती तंतोतंत जुळत नाही. अशा गाडीसाठी हेक्स ड्रायव्हरचा महागडा संच घेण्याआधी माहितीपुस्तिका उघडून पाहणे शहाणपणाचे.

चाकांचे नट हा वेगळा विषय, परंतु त्याच खरेदीत तो उरकता येतो. एक-दशांश प्रमाणाच्या गाडीत चाक बहुधा एम-४ नटाने बसवलेले असते. त्याला ७ मि.मी.चा नट ड्रायव्हर लागतो. एम-३ नटासाठी ५.५ मि.मी. आणि एक-अष्टमांश प्रमाणाच्या मोठ्या गाड्यांच्या चाकांना साधारणपणे १७ मि.मी.चा पाना लागतो.

पोलादाला पाणी कोणते?

‘पोलादाला पाणी देणे’ हा शब्दप्रयोग मराठीत लोहाराच्या भट्टीपासून चालत आला आहे. लाल तापवलेले पोलाद झटकन थंड केले की ते कठीण होते आणि पुन्हा बेताने तापवले की त्याचा ठिसूळपणा कमी होतो. हत्याराचे मोल ठरते ते या दोन टोकांमधील तोलावर. ड्रायव्हर स्क्रूपेक्षा कठीण हवा, म्हणजे तो झिजणार नाही. पण काचेसारखा ठिसूळही नको, नाहीतर तुकडा खाचेत अडकून बसेल.

कठीणपणा रॉकवेल सी या श्रेणीत मोजतात. चांगल्या गाड्यांत येणारे १२.९ दर्जाचे काळे स्क्रू या श्रेणीवर ३९ ते ४४ च्या दरम्यान असतात. स्टेनलेस स्टीलचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे स्क्रू त्याहून बरेच मऊ. क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्या चांगल्या अ‍ॅलन की साधारण पन्नाशीच्या घरात असतात. ‘एस-२’ पोलादाची टोके सामान्यतः ५८ ते ६२ पर्यंत जातात. हाय-स्पीड स्टील, ज्यापासून ड्रिलचे बिट आणि लेथची हत्यारे बनतात, ते साठीच्याही पुढे जाते.

यांतील ‘एस-२’ हे नाव ऑनलाईन विक्रीच्या पानांवर वारंवार दिसते. ‘एस’ हे अक्षर धक्का सोसणाऱ्या पोलादांच्या गटाचे निदर्शक आहे. सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम यांच्या मिश्रणामुळे हे पोलाद कठीण असूनही थोडे चिवट राहते. रिमोट गाडीच्या कामाला ते योग्य आहे. हाय-स्पीड स्टील झिजेला अधिक तोंड देते, पण वाकडा जोर दिला तर मोडण्याची शक्यताही अधिक. स्लोव्हाकियातील त्रेन्चिन येथील हुडी ही कंपनी खास याच छंदासाठी हत्यारे बनवते आणि ‘स्प्रिंग स्टील’ हा शब्द मिरवते. त्यामागील कल्पनाही हीच : टोकाने किंचित पीळ घ्यावा, पण मूळ आकारावर परत यावे.

येथे एक सावधगिरी. पोलादाचे नाव म्हणजे हमी नव्हे. तेच पोलाद नीट पाणी दिलेले असेल तर वर्षे टिकते आणि घाईने पाणी दिलेले असेल तर महिन्यात वळते. वेष्टनावर ‘एस-२’ छापायला खर्च लागत नाही, भट्टीतील काम नीट करायला लागतो. म्हणून नावाबरोबरच बनवणाऱ्याची ख्याती पाहावी. जर्मनीतील वेरा आणि विहा, स्वित्झर्लंडमधील पीबी स्विस टूल्स, अमेरिकेतील बाँडहस या कंपन्यांची ओळख केवळ रिमोट गाड्यांपुरती नाही. औद्योगिक हत्यारांच्या जगात त्यांचे नाव आहे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील तापरिया कंपनीच्या अ‍ॅलन की तर आपल्याकडील हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळतात. मूठ असलेल्या महागड्या ड्रायव्हरची ऐपत नसेल, तर नाव नसलेल्या चकचकीत संचापेक्षा अशी ओळखीची साधी चावी केव्हाही बरी.

सोनेरी रंगाची भूल

छंदासाठी विकल्या जाणाऱ्या पुष्कळ ड्रायव्हरांचे टोक सोनेरी असते. हा रंग टायटॅनियम नायट्राइडच्या लेपाचा. लेप खरा असेल तर तो पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतो, घर्षण कमी करतो आणि झीज मंदावतो. परंतु त्याची जाडी असते काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. आतील पोलाद मऊ असेल, तर जोर पडताच ते लेपाखाली दबते आणि लेप टरफलासारखा निघतो. चांगल्या पोलादावर हा लेप उपकारक ठरतो. वाईट पोलादावर तो केवळ मुलामा. काही स्वस्त संचांत तर सोनेरी दिसणारा थर हा निव्वळ रंग असतो. चार-सहा वेळा वापरल्यावर टोकाचे कोपरे पांढरे पडले आणि बोटाला गुळगुळीत लागले, तर काय ते समजावे.

आकार, मूठ आणि बदलते टोक

‘एल’ आकाराच्या चावीला लांब दांडा असतो. त्यामुळे थोड्या बळानेही पीळ मोठा पडतो. घट्ट स्क्रू सोडवताना तो उपयोगी, पण बारीक स्क्रू आवळताना घातक. शिवाय हात एका बाजूला खेचला जातो, चावी खाचेत तिरकी होते आणि कोपरे दबतात. सरळ ड्रायव्हरमध्ये हात, दांडी आणि स्क्रू एका रेषेत राहतात, खाली दाबही नीट देता येतो. नियमित देखभालीसाठी सरळ ड्रायव्हर आणि अडलेल्या स्क्रूसाठी एखादी उत्तम ‘एल’ चावी, अशी जोडी असावी.

टोकाला गोळी असलेला, म्हणजे बॉल-एंड प्रकार, सुमारे २५ ते ३० अंश तिरका धरूनही चालतो. अडचणीच्या जागी तो मोलाचा वाटतो. पण गोळी खाचेला अगदी थोड्या पृष्ठभागावर स्पर्श करते आणि तिच्यामागची मान सर्वांत बारीक असते. घट्ट स्क्रू सोडवण्यासाठी किंवा शेवटचा पीळ देण्यासाठी ती वापरली, तर खाच खराब होते किंवा मान मोडून गोळी आतच राहते. सैल झालेला स्क्रू भराभर बाहेर काढणे, एवढेच तिचे काम. १.५ आणि २ मि.मी. या मापांत गोळीचे टोक घेऊच नये.

मुठीबद्दल एक गैरसमज आहे. जाड मूठ म्हणजे चांगली मूठ, असे अनेकांना वाटते. बारीक टोकाला फार जाड मूठ असली की मनगटाचा सारा जोर नकळत त्यावर पडतो. १.५ मि.मी.साठी बोटांच्या चिमटीत फिरवता येईल अशी बेताची मूठ असावी. घामेजलेल्या हातातही ती घसरू नये, म्हणून तिच्यावर आडव्या-तिरप्या रेघा असाव्यात. आपल्या दमट हवेत ही गोष्ट क्षुल्लक नाही. वरच्या टोकाला फिरती टोपी असेल तर तळहाताने दाब देत बोटांनी फिरवता येते.

टिकाऊपणाचा खरा हिशेब मात्र टोक बदलता येते की नाही, यावर ठरतो. अनेक चांगल्या ड्रायव्हरांत दांडी मुठीत एका लहान ग्रब स्क्रूने बसवलेली असते. टोक झिजले की तेवढी दांडी बदलायची आणि मूठ कायम ठेवायची. कितीही उत्तम पोलाद असले तरी १.५ मि.मी.चे टोक कधीतरी झिजणारच. तेव्हा खरेदी करतानाच ‘याची सुटी टोके मिळतात का?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण हत्यार नव्हे, त्याची मुदत विकत घेत आहोत.

विजेवर चालणाऱ्या लहान स्क्रू ड्रायव्हरचाही मोह होतो. त्यात सहसा ६.३५ मि.मी. बुंध्याचे बिट बसतात. स्क्रू बाहेर काढायला तो ठीक. आत बसवताना मात्र पीळ मर्यादित ठेवणारी सोय सर्वांत कमी आकड्यावर ठेवावी आणि शेवटची पाव फेरी हातानेच द्यावी. प्लास्टिकच्या भागात एकदा आटे गेले की ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

हाती आल्यावर काय तपासावे?

अशी हत्यारे आपल्याकडे बहुतांशी ऑनलाईनच मागवावी लागतात, त्यामुळे पाकीट उघडताच तपासणी करून परतीची मुदत वाया न घालवणे हेच बरे. मोबाईलच्या कॅमेऱ्याने टोकाचे जवळून छायाचित्र घ्या. सहाही कोपरे सारखे, रेखीव आणि टोकाचा चेहरा सपाट दिसला पाहिजे. कोपरे आधीच गोलसर असतील, तर ते टोक बसणार नाही. दांडी काचेवर ठेवून घरंगळवा. टोक लुकलुकत असेल, तर ती वाकडी आहे.

व्हर्निअर कॅलिपर उपलब्ध असेल तर उत्तम. वेर्णा, कुंडई किंवा बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात काम करणारा एखादा आप्त-परिचित असेल, तर त्याच्या हातून दोन मिनिटांत मोजणी होते. २ मि.मी.चे टोक १.९६ पेक्षा कमी भरले, तर ते परत करावे. हेच मोजमाप पुढेही कामाला येते. टोकाशी आणि टोकापासून एक सेंटिमीटर वर, अशा दोन ठिकाणी मोजावे. वरचा भाग खाचेत जात नसल्याने तो मूळ मापाचा राहतो. दोन्हींतील फरक म्हणजेच आजवरची झीज. नव्या स्क्रूच्या खाचेत टोक उभे धरून हलवून पाहणे, ही बिनखर्चाची परीक्षा. डुगडुग जितकी कमी तितके टोक चांगले.

हत्यार टिकते ते हाताच्या शिस्तीने

गोव्यातील तांबड्या मातीत गाडी पळवली की बारीक धूळ प्रत्येक खाचेत जाऊन बसते. पावसाळ्यात तीच चिखल होऊन घट्ट होते. खाचेच्या तळाशी अर्धा मिलिमीटर माती असली तरी ड्रायव्हर पूर्ण आत जात नाही आणि वरच्या काठावरच जोर पडतो. पुष्कळ खाचा अशाच मरतात. स्क्रूला हात लावण्यापूर्वी टाचणीने माती खरवडून काढावी, जुन्या टूथब्रशने घासावे आणि मगच टोक आत घालावे. ते तळाला टेकल्याची जाणीव बोटांना झाली पाहिजे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवून बाजूला ठेवावी, हा नियम कधीही मोडू नये. लिथियम-पॉलिमर बॅटरीचे आवरण मऊ असते. निसटलेले पोलादी टोक त्यात घुसले किंवा तिच्या दोन्ही टोकांना एकदम लागले, तर आग लागू शकते. ड्रायव्हर निसटतो तेव्हा तो कोठे जाईल, याचा विचार जोर देण्यापूर्वी करायचा असतो. दुसऱ्या हाताचा तळवा त्या वाटेवर नसावा.

धातूत धातू बसणारे स्क्रू कंपनाने सुटू नयेत, म्हणून त्यांना निळे थ्रेड लॉक लावतात. असा स्क्रू हटत नसेल तर बळ वाढवू नये. सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक काही सेकंद स्क्रूवर टेकवले की थ्रेड लॉक नरम पडते आणि स्क्रू सुटतो. शेजारी प्लास्टिक असेल तर मात्र बेताने. प्लास्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला थ्रेड लॉक लावूच नये. काही प्रकारचे प्लास्टिक त्याने तडकते. तेथे स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवावा. बारीकसा ‘टक्’ जाणवला की जुने आटे जुळले. मग सुलट फिरवावा.

आपल्या किनारी हवेत गंज हा कायमचा पाहुणा. ‘एस-२’ किंवा हाय-स्पीड स्टील म्हणजे स्टेनलेस नव्हे. काम झाल्यावर टोके कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा आणि पेटीत सिलिका जेलची पुडी टाकावी. टोकावरील गंजाचा खवला मापही बदलतो आणि खाचही खरवडतो.

झिजलेल्या टोकाचे काय करावे?

सरळ षटकोनी टोकाची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ते झिजते ते फक्त शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत. तेवढा भाग ग्राइंडरवर सरळ घासून काढला, की त्यामागचा कोरा षटकोन पुढे येतो आणि ड्रायव्हर जवळजवळ नवा होतो. हे करताना टोक वारंवार पाण्यात बुडवावे. पोलादावर निळी छटा आली, तर ते सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापले, त्याचे पाणी उतरले आणि तेथे ते मऊ पडले असे समजावे. दांडी पुरेशी लांब असेल, तर अशी दुरुस्ती अनेकदा करता येते. गोळीच्या टोकाला ही सवलत नाही.

आणि खाच गोल झालीच, तर? त्याच मापाचा झिजलेला ड्रायव्हर पुन्हा पुन्हा फिरवत राहणे हा सर्वांत वाईट उपाय. उरलेसुरले कोपरेही त्याने जातात. ताऱ्याच्या आकाराचा, किंचित मोठा टॉर्क्स बिट हलक्या हाताने ठोकून बसवला की तो बहुधा नवी पकड घेतो. तेही साधले नाही, तर लहान कटरने डोक्यावर आडवी खाच पाडून साध्या डिस्मिसने स्क्रू काढता येतो. निघालेला असा स्क्रू परत बसवू नये, फेकून द्यावा. नव्या स्क्रूची किंमत रुपयांत मोजली जाते, अडकलेल्या मोटारीची हजारांत.

खरेदीचा क्रम

खर्च एकदम करण्याची गरज नाही. ज्याची गाडी नवी आहे आणि खिसा बेताचा आहे, त्याने आधी १.५ आणि २ मि.मी. हे दोनच उत्तम, सरळ, बदलत्या टोकाचे ड्रायव्हर घ्यावेत. गाडीतील बहुसंख्य स्क्रू आणि सर्वांत नाजूक ग्रब स्क्रू याच दोन मापांत येतात. नंतर २.५, मग ७ मि.मी.चा नट ड्रायव्हर आणि शेवटी ३ मि.मी. दहा-बारा तुकड्यांच्या स्वस्त संचात ज्यांची गरजच नाही अशी मापे भरलेली असतात आणि ज्याची रोज गरज आहे ते १.५ मि.मी.चे टोक सर्वांत आधी वळते. त्या संचाच्या किमतीत दोन चांगले ड्रायव्हर येत असतील, तर दोनच घ्यावेत. गाडीबरोबर आलेल्या चाव्या फेकू नयेत, पण महत्त्वाच्या स्क्रूंपासून त्या दूर ठेवाव्यात.

या छंदात मुले पुष्कळ आहेत, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. मुलाच्या हाती महागडी गाडी आणि मऊ चावी दिली, तर पहिल्याच मोडतोडीत त्याला कळते ते एवढेच की गोष्टी दुरुस्त होत नाहीत, नव्या घ्याव्या लागतात. तीच गाडी आणि नेमक्या मापाचा एक चांगला ड्रायव्हर दिला, तर तो डिफरन्शियल उघडून पाहतो, दात मोजतो, तेल बदलतो आणि पुन्हा जुळवतो. दोन्ही घरांतील गाडी एकच असते. फरक पडतो तो टोकाच्या शेवटच्या तीन मिलिमीटर पोलादाने.